छेदात काय धरलंय?

तुम्ही अमेरिकेत राहत असाल, तर हा प्रसंग तुमच्यावर एकदा तरी आला असेल. ऑफिसातले लोक तुम्हाला बेसबॉलच्या मॅचला घेऊन गेलेत. ऊन आहे, हातात हॉट डॉग आहे आणि मैदानावर बराच वेळ काहीच घडत नाहीये. शेजारचा सहकारी म्हणतो, "हा यंदा टू-नाइन्टी मारतोय." तुम्ही मान डोलावता. दोनशे नव्वद काय? धावा? फूट? विचारायची लाज वाटते, आणि दहा वर्षं तिकडे काढूनही ते विचारायचं राहूनच जातं.

माझी ही अडचण अमेरिकेत नाही, दुबईत सुटली. आणि ती सोडवली सांगलीहून आलेल्या माझ्या बहात्तर वर्षांच्या बाबांनी, ज्यांनी त्याआधी बेसबॉलचा एकही चेंडू पाहिलेला नव्हता.

मी अबू धाबीतल्या एका विद्यापीठात पोस्टडॉक आहे. हवेतली धूळ मोजते. वाळवंटात राहून धूळ मोजणारी मुलगी, यावर आमच्या घरी होणारे सगळे विनोद करून झालेले आहेत. बाबा जिल्हा परिषदेतून निवृत्त झाले. नोकरी ती, पण जीव मात्र क्रिकेटच्या स्कोअरबुकात. उमेदीच्या काळात सांगलीतल्या क्लबांच्या मॅचेसचे ते हक्काचे स्कोअरर होते. निळं, लाल आणि हिरवं अशी तीन पेनं, एक लाकडी पट्टी आणि मांडवाखालची ती एक खुर्ची. एकाही धावेविना षटक गेलं की सहा टिंबं जोडून 'एम' कसा काढायचा, हे मला त्यांनी मुळाक्षरांच्या आसपासच शिकवलं असावं. विजय हजारे सांगलीत जन्मले, हे तर आमच्या घरी पाहुण्यांना चहाबरोबरच सांगितलं जायचं.

गेल्या नोव्हेंबरात बाबा दिवाळीचा उरलेला चिवडा आणि शंकरपाळी घेऊन आले. त्यांना शारजाचं स्टेडियम पाहायचं होतं. २२ एप्रिल १९९८ला तिथे धुळीचं वादळ आलं आणि मग सचिननं ऑस्ट्रेलियाविरुद्ध १३१ चेंडूंत १४३ केले, ते ठिकाण. आम्ही ते पाहिलं. मग शनिवारी काय करायचं, असा प्रश्न आला, आणि माझ्या एका सहकाऱ्यानं मुंबईच्या संघाच्या मॅचची दोन तिकिटं पुढे केली. बाबा खूश. मॅच बेसबॉलची आहे, हे मी त्यांना टॅक्सीत बसल्यावर सांगितलं.

हो, दुबईत बेसबॉलची लीग आहे. तिचं नाव बेसबॉल युनायटेड. नोव्हेंबर २०२३मध्ये त्यांनी दुबईच्या आंतरराष्ट्रीय क्रिकेट स्टेडियमवरच बेसबॉलचं मैदान आखून दोन प्रदर्शनीय सामने खेळवले होते. पहिला पूर्ण हंगाम २०२५च्या नोव्हेंबरात सुरू झाला, अल ऐन रस्त्यावरच्या द सेव्हन्सच्या आवारात. संघ चार: मुंबई कोब्राज, कराची मोनार्क्स, अरेबिया वुल्व्ज आणि मिडईस्ट फाल्कन्स. मुंबईच्या संघातली बरीच नावं परदेशी होती. बाबांनी फलक वाचला आणि म्हणाले, "यात दादरचा कोण गं?"

पहिल्या दोन डावांत त्यांनी फारसे प्रश्न विचारले नाहीत. मग खिशातून छोटी डायरी निघाली, पेन निघालं, आणि मला कळलं की आता आपली परीक्षा आहे.

"त्या पोराच्या नावापुढे पॉइंट तीनशे लिहिलंय. ते काय?"

इतकं मला माहीत होतं. बॅटिंग अ‍ॅव्हरेज म्हणजे हिट भागिले अ‍ॅट-बॅट. दहा वेळा खेळला आणि तीनदा चेंडू मारून सुखरूप बेसवर पोचला, तर ३ भागिले १०, म्हणजे .३००. दशांशचिन्हाआधीचं शून्य लिहीत नाहीत आणि बोलताना चिन्हही गाळतात, म्हणून नुसतं "थ्री हंड्रेड". तर वाचकहो, तुमच्या त्या सहकाऱ्याचा "टू-नाइन्टी" म्हणजे शंभरात एकोणतीस वेळा. आणि हा आकडा चांगला मानला जातो.

"म्हणजे दहातून सात वेळा आउट होणारा चांगला?"

"हो."

बाबांना ते पटायला एक डाव लागला. आपल्याकडे सरासरी म्हणजे धावा भागिले बाद झालेले डाव. ब्रॅडमनच्या ६९९६ धावा, ७० वेळा बाद, म्हणून ९९.९४. इथे धावांचा संबंधच नाही. मोजतात ते बेसवर पोचणं. बेसबॉलची सरासरी आपल्या सरासरीपेक्षा परीक्षेतल्या टक्केवारीच्या जवळची आहे.

तेवढ्यात एक डावखुरा फलंदाज आला. त्यानं काहीच केलं नाही. बॅट खांद्यावर, चेंडू येतोय, हा नुसता बघतोय. मधे दोन चेंडू स्ट्राइक गेले, तरी याचा चेहरा तसाच. शेवटी बाहेरचा चौथा चेंडू सोडला, बॅट टाकली आणि आरामात चालत पहिल्या बेसवर गेला. बाबा ताठ बसले.

"हा कसा काय गेला?"

याला वॉक म्हणतात. पिचरनं ठरलेल्या चौकटीबाहेर चार चेंडू टाकले आणि फलंदाजानं ते सोडले, तर त्याला पहिला बेस मिळतो.

"मग याची सरासरी वाढली?"

"नाही."

"कमी झाली?"

"तीही नाही. हे अ‍ॅट-बॅटमध्ये धरतच नाहीत. वरही नाही, खालीही नाही."

बाबांनी डायरीत एक रेघ ओढली. वर 'अंश' लिहिलं, खाली 'छेद'. म्हणाले, "म्हणजे हे आपल्या वाइडसारखं. गोलंदाजाची चूक. अवांतरमध्ये टाका, फलंदाजाच्या खात्यावर नको."

मी घरी येऊन शोधलं आणि थक्क झाले. बेसबॉलची आकडेवारी ज्यानं रुजवली, तो हेन्री चॅडविक इंग्लंडमधल्या एक्सेटरचा. १८२४चा जन्म, लहानपणीच अमेरिकेत गेला आणि न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांत क्रिकेटच्या बातम्या लिहायचा. बेसबॉलचा बॉक्स स्कोअर, म्हणजे मॅचचा तक्ता, त्यानं क्रिकेटच्या वळणावर घडवला. वॉक ही पिचरची चूक, त्यात फलंदाजाचं कसब काय, असंच त्याचं मत होतं. म्हणजे दीडेकशे वर्षांपूर्वीचा क्रिकेटचा वार्ताहर आणि सांगलीचा स्कोअरर, दोघांनी विचार अगदी एकाच रस्त्यानं केला! मधे १८८७च्या हंगामात वॉकलाही हिट धरून पाहिलं होतं. सरासऱ्या अशा फुगल्या की पुढच्याच वर्षी ते बंद झालं.

पण त्या संध्याकाळी बाबांनी आपलं मत अर्ध्या तासात बदललं. झालं असं, की तो डावखुरा पुन्हा आला आणि पुन्हा तेच. बाहेरचा चेंडू सोड, अंगावरचा सोड, कठीण वाटला तो नुसता बॅट लावून सीमारेषेबाहेर फाउल घालव. पिचर घामाघूम. पुन्हा चौथा बॉल, पुन्हा चालत पहिल्या बेसवर.

"अगं, हे फुकट नाही," बाबा म्हणाले. "हा सोडतोय. सोडायला डोळा लागतो. सुनील सोडायचा तसा."

गावसकर आमच्या घरी नुसता 'सुनील' असतो. आणि बाबांसमोर सुनीलचं नाव निघालं की ७ जून १९७५ येतोच. पहिला विश्वचषक, लॉर्ड्स, इंग्लंडच्या ३३४ धावा, आणि आपला सलामीवीर साठ षटकं टिकून १७४ चेंडूंत नाबाद ३६. बाबा आजही त्याची बाजू घेतात. पण त्या दिवशी त्यांनी स्वतःहून डायरीत मांडलं: सरासरी काढायची तर ३६ भागिले शून्य, म्हणजे काढताच येत नाही, बाद झालाच नाही. आणि चेंडूंनी भागलं तर शंभर चेंडूंत २१ धावासुद्धा नाहीत. "डाव एकच," ते म्हणाले. "छेद बदलला की एकदा देव, एकदा गुन्हेगार."

त्यानंतरचं सगळं मी त्यांच्या डायरीतूनच सांगते, कारण त्याहून सोपं मला जमणार नाही.

दोन फलंदाज घ्या. दोघंही दहा-दहा वेळा प्लेटवर आले. पहिल्यानं तीन वेळा एक-एक बेसचा फटका मारला, सात वेळा बाद. दुसऱ्यानं तीन वॉक घेतले. उरलेल्या सातांत एक साधा फटका, एक होमरन, पाच वेळा बाद.

बॅटिंग अ‍ॅव्हरेज: पहिल्याचं ३ भागिले १०, .३००. दुसऱ्याचं २ भागिले ७, .२८६. पेपरात पहिला वर.

आता दुसरा आकडा, ऑन-बेस पर्सेंटेज. यात विचारतात, हा किती वेळा बाद न होता बेसवर पोचला? हिट, वॉक आणि अंगावर चेंडू लागून मिळालेला बेस, सगळं अंशात. छेदात अ‍ॅट-बॅटबरोबर वॉक आणि अंगावर लागलेले चेंडूही येतात, शिवाय सॅक्रिफाइस फ्लाय, म्हणजे स्वतः झेल देऊन साथीदाराला धाव मिळवून देणारे फटके. पहिला ३ भागिले १०, .३००च. दुसरा ५ भागिले १०, .५००.

तिसरा, स्लगिंग. फटका केवढा? साध्या फटक्याला १, डबलला २, ट्रिपलला ३, होमरनला ४. ही बेरीज भागिले अ‍ॅट-बॅट. पहिला पुन्हा .३००. दुसरा १ अधिक ४, म्हणजे ५ भागिले ७, .७१४.

शेवटचे दोन आकडे मिळवले की ओपीएस. पहिला .६००, दुसरा १.२१४. आता सांगा, संघात कोणाला घ्याल?

माझ्यातल्या आकडेवालीला ओपीएस पाहून जरा खुपतं, कारण दोन वेगळ्या छेदांचे अपूर्णांक सरळ मिळवणं शाळेत चूक धरलं असतं. पण काम चालतं, म्हणून लोक वापरतात. ऑन-बेस पर्सेंटेज मेजर लीगनं अधिकृत केलं ते थेट १९८४ साली. कल्पना त्याच्या कितीतरी आधीची होती. तेवढी वर्षं डोळ्यांना दिसत होतं, की चांगला डोळा असलेला फलंदाज संघाला जिंकवतो. पण तक्त्यात त्याला रकाना नव्हता. २००२मध्ये ओकलंडच्या संघानं थोड्या पैशांत असे दुर्लक्षित लोक जमवले आणि सलग २० सामने जिंकले. त्यावरचं 'मनीबॉल' हे पुस्तक आणि सिनेमा तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक असेल.

एक गोष्ट बाबांना सगळ्यांत जास्त लागली. बेसबॉलमध्ये क्षेत्ररक्षकाच्या चुकीमुळे फलंदाज बेसवर पोचला, तर हिट धरत नाहीत. उलट त्याच्या छेदात एक वाढतो. आणि ही चूक होती की चांगला फटका होता, हे ठरवतो अधिकृत स्कोअरर. "स्कोअरर ठरवतो?" त्यांनी दोनदा विचारलं. आपल्याकडे स्कोअरर पंचाची खूण पाहतो आणि लिहितो, बस. त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि जरा वेळानं म्हणाले, "बरं झालं, मला कधी ठरवावं लागलं नाही. झोप नसती लागली."

या वाक्यापाशी माझी गाडी अडकली. कारण त्या आठवड्यात ठरवायचं काम माझ्याकडे होतं.

आमच्या गटात संशोधन सहायकाची एक जागा निघाली होती. चाळीसेक अर्ज आले होते. त्यांतून आठ जणांची यादी करून द्या, असं प्राध्यापकांनी मला सांगितलं होतं. मी काय केलं असेल? एक्सेलचा तक्ता. नाव, पदवी, शोधनिबंध किती, पदवीला वर्षं किती झाली. एकाला दुसऱ्यानं भागलं, उतरत्या क्रमानं लावलं, पहिल्या आठांखाली रेघ. वीस मिनिटांत झालं, आणि काहीतरी निःपक्षपाती केल्याचं समाधानही वाटलं. यादी सोमवारी पाठवायची होती.

आता गंमत बघा. ज्या हातांनी मी हा तक्ता केला, त्याच हातांनी मी महिनाभरापूर्वी माझ्या स्वतःच्या करार-नूतनीकरणाचा फॉर्म भरत रडले होते. माझी पहिली दोन वर्षं धूळ मोजणारी यंत्रं उभी करण्यात गेली. उन्हाळ्यात पहाटे चारला निघायचं, फिल्टर बदलायचे, आकडे घसरले की पुन्हा जुळवायचं. त्या नोंदींवर इतरांचे निबंध निघाले. माझ्या फॉर्ममध्ये मात्र रकाना एकच: गेल्या तीन वर्षांतले शोधनिबंध. या अन्यायावर मी बाबांना फोनवर तासभर ऐकवलं होतं. आणि मग उठून, दुसऱ्यांसाठी, तोच रकाना स्वतःच्या हातानं आखला होता.

परतीच्या बसमध्ये बाबा झोपले. त्यांची डायरी माझ्या मांडीवर होती. मी फोनवर टेड विल्यम्सचे आकडे पाहत होते. १९४१च्या हंगामाच्या शेवटच्या दिवशी त्याची सरासरी .३९९५५ होती. न खेळता बसला असता तरी ती .४०० अशी लिहिली गेली असती. तो दोन्ही सामने खेळला, आठात सहा हिट मारले आणि .४०६वर संपला. अमेरिकन किंवा नॅशनल लीगच्या पूर्ण हंगामात त्यानंतर कोणीही .४०० गाठलेले नाहीत. हे सगळ्यांना माहीत असतं. मला दिसला तो त्याच्या शेजारचा आकडा: १४७ वॉक. ४५६ अ‍ॅट-बॅट, १८५ हिट. वॉक आणि अंगावर लागलेले तीन चेंडू धरून तो एकूण ६०६ वेळा प्लेटवर आला होता.

मी सवयीनं भागाकार केला. ते वॉक अंश आणि छेद दोन्हींत धरले, तर ३३५ भागिले ६०६, .५५३. बेसबॉलच्या इतिहासातल्या थोर आकड्यांपैकी एक. आणि समजा कोणी ते नुसते छेदात धरले आणि अंशात धरलेच नाहीत, तर? १८५ भागिले ६०६. .३०५. बरा फलंदाज, एवढंच.

तेव्हा मला माझा तक्ता नीट दिसला. चॅडविकनं वॉक वरून वगळला, तसा खालूनही वगळला. श्रेय दिलं नाही, पण शिक्षाही केली नाही. मी मात्र माणसांची वर्षं छेदात धरली होती आणि त्या वर्षांतलं काम अंशात घेतलंच नव्हतं. ज्यानं चार वर्षं प्रयोगशाळा चालवली, तो माझ्या हिशोबात चार वर्षं बाद होत होता. दीडशे वर्षांपूर्वीच्या वार्ताहरापेक्षा माझी पद्धत निर्दयी होती, आणि मी सांख्यिकी शिकलेली.

रविवारी सकाळी चाळीसही अर्ज पुन्हा उघडले. या वेळी आकडे नाहीत, पत्रं वाचली. दिवस गेला. बाबांनी दोनदा चहा करून दिला आणि काही विचारलं नाही. एकोणिसाव्या क्रमांकावरच्या अर्जात एक मुलगी लिहीत होती, की तिच्या विभागातलं जुनं यंत्र बंद पडायचं आणि दुरुस्त करणारं दुसरं कोणी नव्हतं, म्हणून तिनं ते शिकून घेतलं. तीन वर्षांत तिचा निबंध एक. आम्हाला जागा भरायची होती ती नेमकी यंत्रं सांभाळण्याची.

तिला मी आठांत घेतलं. आणखी दोन नावं बदलली. प्राध्यापकांना यादीबरोबर चार ओळी लिहिल्या, की क्रम असा का आहे. गोष्ट इथे गोड करून संपवता आली असती, पण खरं सांगते: तिची निवड झाली नाही. मुलाखतीत दुसरा एक जण खरोखरच सरस होता. तिला मुलाखतीची संधी मिळाली, एवढंच माझ्या हातात होतं, आणि तेही मी वीस मिनिटांच्या हिशोबात घालवणार होते. माझा करार एक वर्षानं वाढला. फॉर्ममधला रकाना अजूनही एकच आहे. या वेळी मी फॉर्मला एक पान जोडलं, यंत्रांच्या नोंदी कोणत्या निबंधांत वापरल्या गेल्या त्याचं. ते कोणी वाचलं की नाही, ठाऊक नाही.

तुम्ही परदेशात आहात, म्हणजे कोणत्या ना कोणत्या तक्त्यात आहातच. व्हिसाचे गुण, वर्षअखेरचं मूल्यमापन, मुलांच्या शाळेचे पर्सेंटाइल. आणि पस्तिशी ओलांडली असेल, तर एखादा तक्ता तुमच्याही हातात आला असेल. आकडे टाकून द्या, असं मी म्हणणार नाही. माझं पोट त्यावर आहे. ऑन-बेस पर्सेंटेज हाही आकडाच, आणि त्यानंच सोडणाऱ्यांना न्याय दिला. फक्त पुढच्या वेळी कोणी "टू-नाइन्टी" म्हणालं, की मान डोलावण्याआधी विचारा, छेदात काय धरलंय, आणि काय वगळलंय.

बाबा डिसेंबरात परत गेले. डायरी इथेच राहिली, मुद्दाम की विसरून, ते मी विचारलेलं नाही. शेवटच्या पानावर त्यांनी त्या डावखुऱ्याचा त्या दिवसाचा हिशोब लिहिलाय. चार वेळा आला, हिट शून्य, वॉक दोन. फलकावर त्याच्या नावापुढे .००० होतं. बाबांनी त्यासमोर हिरव्या पेनानं .५०० लिहून खाली दोन रेघा मारल्या आहेत. हिरवं पेन ते फक्त चांगल्या गोष्टीला वापरतात.